मागून आणलेली काडी लागत नाही

आमच्याकडे झाडाची काडी मागत नाहीत, चोरतात. चोरतात म्हणजे काही कुलूप फोडून नाही. बोलता बोलता एक हात पाठीमागे जातो, बारीकसा 'कट' आवाज होतो, काडी पदराखाली जाते आणि बोलणं जिथल्या तिथं चालू राहतं. मागून आणलेली काडी रुसते आणि चोरून आणलेली लागते, हे आमच्या गावात कुणालाही विचारा. शिरूर कासारच्या बाजारात भाजी विकणारी बाईसुद्धा हेच सांगेल, आणि सांगता सांगता स्वतःच्या पिशवीवर हात ठेवेल.

या कलेत मी बरीच पोचलेली आहे. लग्नघरी लोक रुखवत बघायला जातात, मी परसदार बघते. युसूफ वडगावच्या विहीणबाईंकडे नातवाच्या बारशाला गेलते, तर ओटीत घातलेला नारळ तिथंच विसरून आले. त्यांच्या दुहेरी जास्वंदीच्या काड्या मात्र ओल्या फडक्यात गुंडाळून, पायताणाच्या पिशवीत, पान न दुमडता घरी आल्या. दुसऱ्या दिवशी विहीणबाईंचा फोन. "नारळ राहिला की हो तुमचा."

मी म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. तुमचं बी कायतरी इकडं आलंय."

त्या हसल्या. म्हणजे त्यांनी पाहिलं होतं.

हेच तर खरं. चोरणारीने लपवायचं आणि मालकिणीने पाहून न पाहिल्यासारखं करायचं, अशी ही दोघींनी मिळून केलेली चोरी असते. चांगली मालकीण नेमकी त्याच वेळी "चहा टाकते" म्हणून आत जाते, नाहीतर तिला आभाळात ढग दिसायला लागतात. आमच्या भागात ढग कुणाला दिसत नाहीत, पण तिला दिसतात.

यातली पहिली अर्धी रीत मला माहेरहून ठाऊक होती. दुसरी अर्धी नव्हती. आणि तिच्यापायी जे झालं ते निस्तरायला माझं म्हातारपण खर्ची पडलं.

लग्न होऊन या घरात आले तेव्हा मी फार शहाणी होते. इतकी शहाणी मी पुढे कधीच झाले नाही. माझं माहेर आष्टीकडचं, कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला जाणारं. दिवाळी झाली की बिऱ्हाड बांधायचं आणि कारखान्याच्या मुलखात जायचं. माझं अर्धं बालपण उसाच्या फडाकडेला पाचटाच्या कोपीत गेलं. ऊस तोडायचा कसा ते मला येत होतं, आणि तिथल्या बागायतदारांच्या रानात तो लावतात कसा तेही मी पाहिलं होतं. एवढ्या भांडवलावर, जगातलं कुठलंही झाड कसं लावायचं ते आपल्याला कळतं, अशी माझी पक्की खात्री होती.

सासरच्या दारात एक गुलाब होता. गावरान, फिका गुलाबी, बारमाही फुलणारा. फूल लहानच, पण वास असा की चुलीवर भाकरी करपत असली तरी नाकाला आधी गुलाब कळायचा. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. आत्याबाईंचा सगळा जीव त्या झाडात. भांडी घासल्याचं पाणी त्याला, भाजी धुतल्याचं पाणी त्याला. दुष्काळात घरातल्या माणसांची अंघोळ चुकली, गुलाबाची चुकली नाही. एकदा त्यांनी झाडाची छाटणी करता करता एक काडी माझ्या हातात दिली. "ही मागल्या दाराला लाव गं."

कशी लावू, असं मी विचारलं नाही. विचारायला मी काय अडाणी होते? मी कुदळ घेतली आणि झकास सरी पाडली. काडीचे दोन-दोन डोळ्यांचे तुकडे केले, उसाच्या टिपऱ्या करतात तसे. सरीत ते आडवे निजवले. पाणी सोडून चिखल केला. आणि मग, उसाची टिपरी चिखलात जशी पायाने दाबतात, तशी अनवाणी पायाने, टाच रोवून, सगळा भार देऊन दाबली.

उसाला काटे नसतात. ही गोष्ट मला त्या क्षणी कळली.

माझी बोंब ऐकून आत्याबाई धावत आल्या. "काय झालं? इंचू चावला का?"

"काडी लावत हुते."

"मग वरडायला काय झालं?"

"पायानं दाबली."

त्यांनी सरी पाहिली. सरीत ओळीने निजलेला गुलाब पाहिला. माझी हातात धरलेली टाच पाहिली आणि त्या मटकन खाली बसल्या. मला वाटलं काटा काढायला बसल्या. त्या हसायला बसल्या होत्या.

"अगं, गुलाबाचा कारखाना काढती काय? किती पोती साखर निघंल ह्याची?"

मग सुई आणली. काटा काढता काढता त्यांना पुन्हा हसू यायचं, सुई हलायची आणि मी पुन्हा ओरडायचे. संध्याकाळपर्यंत ही गोष्ट गावभर झाली. पुढे कित्येक वर्षं मी पाणवठ्यावर गेले की कुणीतरी विचारायचंच, "काय बाई, तोड कधी चालू?"

टाच बरी झाल्यावर आत्याबाईंनी नीट शिकवलं. काडी पेन्सिलीएवढी जाड घ्यायची. कोवळी घेतली तर कुजते, फार लाकूड झालेली घेतली तर तिला डोळे फोडायचा कंटाळा येतो. म्हणून मधली, जून पण हिरवी. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली आणि तिरपा, वरचा काप सरळ. म्हणजे माझ्यासारख्या शहाणीनेही काडी उलटी लावू नये. खालची पानं काढायची, वर एखाद-दुसरं ठेवायचं. वाळू मिसळलेल्या मातीत उभी खोचायची, सावलीत ठेवायची, ओल राखायची पण डबकं करायचं नाही. आणि मग विसरून जायचं.

बाकी सगळं मला जमलं. विसरणं जमलं नाही. रोज सकाळी मी काडी उपटायची, मुळं फुटली का ते डोळ्याजवळ धरून बघायची आणि परत खुपसून ठेवायची. आत्याबाईंनी एकदा धरलंच.

"काय करतीस?"

"मुळ्या आल्या का बघते."

"लेकरू पोटात ऱ्हायलं म्हंजी बी रोज भाईर काढून बघशील का गं?"

नवी नवरी होते. तोंड लपवायला जागा सापडेना.

काडी अर्थातच वाळली. मग आत्याबाईंनी मला लावणीतून काढलं आणि राखणीला बसवलं. "तू आपली गुलाबावर ध्यान ठेव," म्हणाल्या. त्यांच्या मनात शेळ्या होत्या. मी माणसांवर ध्यान ठेवलं.

आमच्या समोरच्या घरात भावकीतली जाऊ राहते. माझ्या आगेमागेच लग्न होऊन आलेली. ती एकदा विरजण मागायला आली. मी वाटीत विरजण दिलं. ती दारात उभी राहून माझ्या नव्या बांगड्यांचं कौतुक करायला लागली, आणि तिचा एक हात मागे गेला. कट. मी ताडकन उठले. "चोर! चोर! गुलाब तोडला!"

केवढा आवाज होता माझा तेव्हा! गल्ली गोळा झाली. पारावरचे म्हातारे काठ्या घेऊन आले. जाऊ बिचारी मधोमध उभी, एका हातात विरजणाची वाटी आणि दुसऱ्या हातात काडी. तिने काडी आमच्या उंबऱ्यावर ठेवली. विरजणही ठेवलं. आणि निघून गेली.

शाबासकीसाठी मी आत्याबाईंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "झ्याक केलंस. आता कुणी बी येणार न्हाई."

मी खूश झाले. त्या दिवशी मी छाती पुढे काढून भाकरी थापल्या. आता आठवलं की वाटतं, भाकरी थापणाऱ्या त्या पोरीला धरावं आणि तिच्याच परातीत बसवावं.

कारण खरंच पुन्हा कुणी आलं नाही. पूर्वी ज्यांनी आमच्या गुलाबाच्या काड्या नेल्या होत्या, त्यांची झाडं एकेका दुष्काळात गेली. निम्मं गाव कोयत्यावर गेल्यावर मागे पाणी घालणार कोण? इतर गावांत एखादीचं झाड वाळलं की ती परत येऊन चोरते. आमच्या गावात माझ्या घशाची दहशत. असं होत होत सगळ्या गावात तो गुलाब एकट्या आमच्या दारात उरला. आणि जाऊ माझ्याशी बोलायची थांबली ती थांबलीच. बोलायचंच झालं तर केरसुणीशी बोलायची. "केरसुणे बाई, सांभाळून गं. काही जणींच्या दारापुढचा कचरा बी मोजलेला अस्तो."

आता आत्याबाई नव्वदीच्या घरात आहेत. डोळे गेलेत. कान शाबूत, आणि जिभेला तर रोज कुणीतरी धार लावून ठेवतं. त्यांची सकाळ गुलाबापासून सुरू होते. पहिलं फूल तोडून त्यांच्या हातात द्यायचं. त्या ते नाकाशी धरतात, मग कानामागे खोवतात आणि मग चहा मागतात. उन्हाळ्यात फूल बोराएवढं झालं तरी चालतं, पण फूल पाहिजे. एकदा मीच विचारलं होतं, इतका काय नाद? त्या म्हणाल्या, "मला सदा रातच हाय गं. ह्यो वास आला म्हंजी कळतं, आज बी उगवली."

गेल्या साली उन्हाळ्याच्या तोंडावर गल्लीत सिमेंटचा रस्ता मंजूर झाला. दोन माणसं टेप घेऊन आली आणि चुन्याची रेघ मारून गेली. माझी सून धावत आत आली आणि माझ्या कानाशी लागली. सून मला मम्मी म्हणते. लग्नानंतर पहिल्यांदा म्हणाली तेव्हा मी मागे वळून पाहिलं होतं, कोण आलंय म्हणून.

बाजेवरून आत्याबाईंचा आवाज आला. "कानात बोलायला मी काय भैरी हाय? रेघ गुलाबाच्या कोणत्या अंगानं गेली?"

दोघी गप्प.

"म्हंजी मधून गेली." थोडा वेळ त्यांनी कानामागचं फूल चाचपलं. "मग उगवलेलं मला कळायचं कसं?"

चिडून म्हणाल्या असत्या तर मी उत्तर दिलं असतं. त्या चिडल्या नव्हत्या. खरंच विचारत होत्या.

झाड उपटून दुसरीकडे लावावं, तर त्याची मुळं घराच्या पायाच्या दगडांत शिरलेली. ते हलणार नव्हतं. खोदायची मशीन यायच्या आत त्याची काडी लावून जगवणं एवढाच उपाय. आणि गुलाबाच्या काडीला हवा थंडावा. आमच्याकडे तेव्हा भांड्यातलं पाणी हातावर घेतलं तर चटका बसत होता.

सुनेने मोबाइल उघडला. त्यातली एक बाई सांगत होती, काडी बटाट्यात खोचा, बटाट्याच्या ओलाव्यावर मुळं धरतात. आम्ही घरातले चांगले बटाटे घेतले, भोकं पाडली, काड्या खोचल्या आणि मातीत पुरले. काही दिवसांनी कोंब आले. सून नाचत आली, "मम्मी, फुटलं!" जवळ जाऊन पाहिलं. बटाट्याला फुटलं होतं. काडी वरती काळी ठिक्कर. आत्याबाई म्हणाल्या, "आता वेणीत बटाट्याचं फूल माळा."

मग दुसऱ्या व्हिडिओतला मध झाला. काडीचं बूड मधात बुडवून लावलं. मुळांच्या आधी मुंग्या आल्या. दालचिनीची पूड लावून पाहिली. काडी वाळली, पण वाळेपर्यंत मसालेभातासारखा वास देत होती. कोरफडीच्या गराने थोडी आशा दाखवली. काडीने दोन हिरवे डोळे उघडले, आम्ही तिच्यावर पाण्याची बाटली कापून पालथी घातली, मोरीच्या सावलीत ठेवली. मग एक दिवस गरम वारं सुटलं, बाटली उडाली आणि संध्याकाळी डोळे मिटलेले होते. काचेच्या बाटलीत पाणी घालून त्यात काड्या ठेवल्या, रोज पाणी बदललं. तुळशीला, पुदिन्याला अशी पाण्यात फसाफसा मुळं फुटतात. गुलाबाचं बूड सडलं.

यातला एकही उपाय खोटा नाही, बरं का. थंडीत यातल्या निम्म्यांनी काम केलं असतं. पण मशीन काही थंडीची वाट बघणार नव्हती.

आत्याबाई सगळं ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "काय बी करा, लागायची न्हाई."

"कावून?"

"चोरीची न्हाई ना. आपल्याच दारची काडी आपल्याला कशी चोरता येईल? ती घरचीच. तिला वाटतं, कशाला मुळ्या फोडू, आई हाय की शेजारी."

सून हसली. मी हसले नाही. बटाटा, मध, दालचिनी सगळं करून पाहिलेल्या बाईने कशाला हसावं?

"मग?"

"मग काय. चोर बघा."

गावात गुलाबाचा चोर एकच होता, आणि त्याला मीच पकडलं होतं.

दुपारी मी वाटी घेऊन समोर गेले. जाऊ ओसरीवर शेंगा फोडत होती. मला बघून तिने इकडंतिकडं केरसुणी शोधली. ती हाताशी नव्हती, म्हणून माझ्याशीच बोलावं लागलं.

"कावून आलीस?"

"विरजण हाय का?"

"तुमच्या फ्रिजातलं संपलं?" तिने पुढची शेंग उचलली. "काय पाहिजे ते सांग."

"आमचा गुलाब चोर."

तिच्या हातातली शेंग फुटता फुटता राहिली. "काय म्हन्लीस?"

"चोर म्हणते. पाया पडते, पण चोर."

"एकदा चोरला व्हता. पारावरची काठी आली व्हती."

"आता न्हाई वरडणार."

"वरडशील कशी? घसा राहिलाय का तेवढा?" ती खुदकन हसली आणि लगेच तोंड आवळलं. "म्हातारीसाठी करते. तुझ्यासाठी न्हाई."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी ती आमच्या दारात आली. तिने झाडाभोवती फेरी मारली, फांद्या चाचपल्या, मान हलवली. "तोडून ह्या उन्हात लागायची न्हाई. न तोडता चोरावी लागंल."

घरी गेली आणि तेलाचा रिकामा डबा घेऊन आली, बुडाला भोकं पाडलेला, तिच्या परसातली माती आणि वाळू भरलेला. झाडाच्या बुडाशी एक लवचीक फांदी जमिनीकडे झुकलेली होती. डबा तिच्याखाली सरकवला. फांदी मधोमध वाकवली, एका डोळ्याखाली नखाएवढी साल खरवडली, तो खरवडलेला भाग डब्यातल्या मातीत दाबला आणि वर दगड ठेवला. शेंडा पलीकडून बाहेर. दाब कलम म्हणतात याला. मोगऱ्याचं तर सगळ्याच बायका करतात, मला गुलाबाचं सुचलं नाही एवढंच. फांदी झाडाचं दूध पीत राहते आणि तिकडं गुपचूप मुळं फोडते. मुळं धरली की मग आईपासून तोडायची.

पण हे सगळं मला नंतर कळलं. कारण दगड ठेवायच्या आधी ती म्हणाली, "तिकडं बघ."

"कुठं?"

"आभाळात. रीत हाय ना? एकदा तरी पाळ."

मी आभाळात बघत उभी राहिले. ऊन डोळ्यांत, पाण्याच्या धारा गालावर. सून बाहेर आली. "मम्मी, काय बघताय?"

"ढग."

"एक बी न्हाई."

"म्हणून तर वेळ लागतोय."

जाऊने हात झटकले. "डबा माझा, माती माझी, फांदी तुमची. लागली तर कुणाची?"

"चोराची," मी म्हणाले. तिला फार बरं वाटलं. इतक्या वर्षांनी कुणीतरी तिला मानाने चोर म्हणालं होतं.

मग डब्यावरून नवी भांडणं. मी सकाळी भांड्यांचं पाणी घालायची, ती संध्याकाळी घालायची. एकीने घातलेलं दुसरीला सांगायचं कसं, तर सांगायचं नाही, अशीच सवय. डब्यात चिखल झाला. ती कडाडली, "काय हे? ऊस हाय का हा? आता पायानं बी दाब!"

त्यानंतर आम्ही रोज बोलायला लागलो. भांडल्याशिवाय पाण्याची पाळी ठरेना.

रस्त्याने मात्र आयुष्यात पहिल्यांदा उशीर करून पुण्य कमावलं. आज येणार, उद्या येणार, म्हणता म्हणता पाऊस पडून गेला, पोळा झाला, आणि एका सकाळी काही न कळवता मशीन गल्लीच्या तोंडाशी घरघरायला लागली. मी अजून पीठ मळत होते. बाहेर आले तर जाऊ समोरून कोयता घेऊन पळत येतेय, पदर कमरेला खोचलेला. मशीनवरचा माणूस ओरडला, "मावशी, बाजूला व्हा!"

"थांब रे मुडद्या! चोरी करू दे!"

तो बिचारा खरंच थांबला. तिने डबा आणि झाड यांच्यामधली फांदी एका घावात तोडली, डबा कमरेवर घेतला आणि पलीकडे गेली. मग मशीनचा दात खाली आला. एवढं मोठं झाड, एका घासात गेलं.

मी आत आले. आत्याबाई बाजेवर उठून बसल्या होत्या. "मुळ्या लई खोल असतील, न्हाई?"

"लई खोल हुत्या."

"असणारच. जन्मभर माझं खरकटं पाणी प्यालाय."

पुढचे दिवस वाईट गेले. डब्यातल्या फांदीने सगळी पानं टाकली. जाऊने डबा तिच्या मोरीच्या कोपऱ्यात सावलीला ठेवला होता. मी काही ना काही निमित्त काढून जायची आणि माझी बोटं आपोआप फांदीकडे जायची. थोडीशी हलवून बघावी, मुळं धरली का ते कळेल एवढी. "हात लावलास तर हात मोडीन," जाऊ म्हणायची. म्हणजे माझी काडी उपटून बघायची गोष्ट तिलाही माहीत होती. या गावात माझी एकही गोष्ट कुणाला माहीत नाही असं नाही.

सुनेने बाजारातून गुलाब आणला, लांब दांड्याचा, लालभडक. आत्याबाईंनी नाकाशी धरला. "ह्ये काय हाय?"

"गुलाब हाय, आजी."

"मग वास कुठं काढून ठेवलाय?" त्यांनी तो बाजेवर बाजूला ठेवला. मग दुपारी डुलकी काढून उठल्या की विचारायच्या, "सकाळ झाली का?" कधी दिवे लागल्यावर सकाळचा गुलाब मागायच्या. आम्ही सांगितलं की गप्प बसायच्या. आत्याबाई गप्प बसल्या की आमचं घर रिकामं वाटतं.

दसऱ्याच्या आसपास फांदीच्या एका डोळ्यातून लालसर कोंब आला. जाऊने हाक मारून दाखवला नाही. नुसती दारात उभी राहून खाकरली. मी चप्पल न घालता पलीकडे गेले. आम्ही दोघी मोरीत उकिडव्या बसून बघत राहिलो. दोघींनीही हात मागे बांधले होते.

थंडी पडली तशी पहिली कळी फुगली, तिच्या मागोमाग दुसरी. मी म्हणाले, "उमललं की दे गं. आत्याबाईंना."

"मागितलंस तर देणार न्हाई."

"आगं पण..."

"मागून नेलेलं लाभत न्हाई. सकाळी मी सडा घालीत अस्ते, मला काय दिसत न्हाई."

सकाळी गेले. जाऊ सडा घालत होती, एकाच जागेवर, पुन्हा पुन्हा. मी फूल तोडलं, पदराखाली घेतलं आणि या वयाला शोभेल तेवढं पळाले. मी उंबऱ्यात पाय ठेवला आणि मागून तिचा आवाज आला. आणि माझा घसा काय, तिचा ऐका! "कोण हाय गं ती चोरटी! माझा गुलाब तोडला! हात झडतील हात!"

सगळी गल्ली दारात. आत्याबाई बाजेवर ताठ बसल्या. "कोण वरडतंय?"

"समोरची."

"कावून?"

मी फूल त्यांच्या हातात ठेवलं. त्यांनी नाकाशी नेलं. बराच वेळ तिथंच धरलं. मग कानामागे खोवलं आणि म्हणाल्या, "उगवली तर. चहा टाक." आणि चहाचा पहिला घोट घेतल्यावर, "उद्या मला ने."

"तुमाला? डोळ्याला दिसत न्हाई तुमच्या."

"चोराला डोळे कशाला? वास हाय ना."

आत्याबाई कित्येक दिवस उंबऱ्याबाहेर गेल्या नव्हत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी लुगडं बदललं. माझ्या खांद्यावर हात ठेवून त्या निघाल्या. नव्या रस्त्यावर पाय पडला तशा थबकल्या. "हे काय हाय? फरशी?"

"रस्ता हाय."

"ह्याच्यासाठी काढला व्हय माझा गुलाब. गुळगुळीत हाय मेला. म्हातारी माणसं घसरून पडायची." स्वतःला त्या म्हाताऱ्या माणसांत धरत नाहीत.

जाऊच्या मोरीपाशी पोचलो. त्यांनी नाक वर केलं, हवेत हात फिरवला, आणि हात बरोबर त्या डब्यावरच्या फुलावर थांबला. जाऊ पाठ करून, भिंतीकडे तोंड करून उभी होती. खांदे हलत होते. कट. फूल आलं. आणि मग आणखी एक. कट.

घरी परतताना मधल्या रस्त्यावर आत्याबाईंनी पदरातून हात काढला. फुलाबरोबर एक काडी होती, पानासकट. "ही आपल्या दाराला लाव. तिला सांगू नको."

मी काडी हातात घेऊन वाकवून पाहिली. हिरवीगार, मऊ, परवाच फुटलेली.

"आत्याबाई, ही लई कोवळी हाय. लागायची न्हाई."

"मग उद्या जून बघून तोडू," त्या म्हणाल्या, आणि माझ्या खांद्यावरची पकड जरा घट्ट केली.